याकुझा : आठ, नऊ, तीन

एका वाचक ताईंचा प्रश्न आहे : ‘जपानी गुन्हेगारांच्या बातम्यांत कधी याकुझा टोळी असं येतं, कधी याकुझा कुटुंब. बरोबर काय? आणि हा शब्द मराठीत एकवचनी धरायचा की अनेकवचनी?’

याकुझा हे टोळीचं नाव धरलंत तर चूक, आणि ‘कुटुंब’ही मला पटत नाही. परवा एका वाहिनीवर ‘याकुझा नावाची टोळी’ ऐकलं आणि टीव्ही बंद केला. हे म्हणजे ‘दरोडेखोर नावाची टोळी’ म्हणण्यासारखं झालं. टोळ्यांची नावं यामागुची-गुमी, सुमियोशी-काई, इनागावा-काई अशी आहेत. याकुझा म्हणजे त्यांतला माणूस, किंवा ती सगळी जमात. ‘गुमी’ हे आडनावही नव्हे. मूळ शब्द ‘कुमी’, म्हणजे गट; वाक् + ईश = वागीश होताना क चा ग होतो तसा समासात इथेही झाला.

‘कुटुंब’ म्हटलं की रक्ताचं नातं वाटतं. इथे म्होरक्या ‘ओयाबुन’, म्हणजे बापाच्या जागी, आणि हाताखालचा ‘कोबुन’, म्हणजे लेकराच्या जागी. साकेचा प्याला देऊन-घेऊन हे नातं जोडतात. आपण मानलेला भाऊ म्हणतो, तसा हा मानलेला बाप. मला विचाराल तर ‘घराणं’ म्हणा. गाण्याच्या घराण्यातही रक्ताचं नातं लागत नाही.

पण खरी गंमत ‘याकुझा’त आहे. या म्हणजे आठ, कु म्हणजे नऊ, सा म्हणजे तीन. ओइचो-काबू या पत्त्यांच्या जुगारात पानांची बेरीज करून फक्त एकं स्थानचा आकडा धरतात. नऊ सर्वांत भारी, शून्य सर्वांत हलकं. आठ आणि नऊ हाती आले की सतरा, म्हणजे सात. चांगला डाव. तरी हाव धरून तिसरं पान ओढलं आणि तिरी आली, की वीस. हाती भोपळा. म्हणून आठ-नऊ-तीन म्हणजे वाया गेलेला डाव, आणि पुढे वाया गेलेला माणूस. हानाफुदा या महिन्यामहिन्याच्या फुलांच्या जपानी पानांवर हा डाव मांडून पाहा : ऑगस्टचं गवत, सप्टेंबरची शेवंती, मार्चचा चेरीचा बहर. इतकी देखणी पानं आणि किंमत शून्य! (हीच पानं छापायला 1889 मध्ये क्योतोत निन्तेंदो सुरू झाली.)

आता मटका आठवा. तीन पानं काढायची, बेरजेचा शेवटचा अंक तो आकडा. मटक्याच्या तक्त्यात 389 ही शून्याचीच पत्ती आहे! फरक इतकाच की तिथे शून्यावरही पैसे लावता येतात.

काही जाणकार याकुझाची फोड ‘याकु’ (काम, जबाबदारी) आणि ‘झा’ (बैठक) अशी करतात आणि तंटे मिटवणारा जत्रेतला कारभारी असा अर्थ लावतात. मला हे मुळीच पटत नाही. हा या लोकांना अब्रूदार ठरवण्याचा खटाटोप आहे. ते स्वतःला ‘निन्क्यो दांताई’, म्हणजे शूर परोपकारी मंडळी म्हणवतात. पोलीस मात्र ‘बोर्योकुदान’, म्हणजे हिंसक टोळी म्हणतात. शिवाय जुगाराच्या बाजूने भाषेचीच साक्ष आहे. पारंपरिक पत्त्यांना जपानीत ‘कारुता’ म्हणतात, तो पोर्तुगीज ‘कार्ता’. आपलं ‘काडतूस’ पोर्तुगीज ‘कार्तुशु’वरून आलं, तेही त्याच कागदाच्या कुळातलं. आणि ‘ओइचो’ म्हणजे आठ हा पोर्तुगीज ‘ओइतु’च असावा, असं माझं ठाम मत आहे.

आज या शब्दाचे धनीच आटत चाललेत. 1963 मध्ये जपानभर 1,84,000 याकुझा होते. 2024 अखेर पोलिसांच्या मोजणीत सगळ्या टोळ्या मिळून 18,800 उरले, सहयोगी धरून. कोबेच्या गोदीत 1915 मध्ये हमालांच्या मुकादमीतून उभी राहिलेली यामागुची-गुमी अजूनही सर्वांत मोठी. तिच्याकडे सुमारे 6,900. बारमालकांकडून ‘मिकाजिमे-र्यो’, म्हणजे आपला हप्ता, उकळणं, अमली पदार्थ, बांधकामातली टक्केवारी, म्हाताऱ्यांना फोनवरून गंडवणं, अगदी समुद्रकाकडी या समुद्री जिवाची चोरटी मासेमारी, असे धंदे. पण 2011 पर्यंत जपानच्या सर्व प्रांतांत बहिष्काराचे नियम लागू झाले. याकुझाला बँकेत खातं उघडता येत नाही, स्वतःच्या नावावर मोबाइल मिळत नाही. टोळी सोडली तरी साधारण पाच वर्षं हीच गत. तरुण पोरं मग समाजमाध्यमांवरून जुळणाऱ्या, एकमेकांची नावंही ठाऊक नसलेल्या टोळक्यांत जातात. त्यांना पोलीस ‘तोकुर्यू’ म्हणतात : ‘तोकुमेई’ म्हणजे निनावी, ‘र्यूदो’ म्हणजे वाहतं. तिथे ना बाप, ना प्याला.

वचनाचं राहिलंच. जपानी नामाला वचन नसतं. मराठीत एक याकुझा, दहा याकुझा. याकुझाला पकडलं, याकुझांना पकडलं. आणि ‘झ’ झाडातला.