घरबांधणीचं पहिलं वेळापत्रक: आधी कॅलेंडर, मग तारखा

मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट (कामांचं वेळापत्रक आखायचं सॉफ्टवेअर) उघडल्या उघडल्या तारखा भरत बसू नका, बहुतेक नवख्यांचं तिथेच बिघडतं. आधी ‘चेंज वर्किंग टाइम’मध्ये आपल्या कोकणाचं कॅलेंडर करा. जून ते सप्टेंबर पायाचं खोदकाम आणि चिऱ्याचं बांधकाम धरूच नका. गणपतीत गवंडी मिळत नाहीत, शिमग्यातही नाहीत. ते दिवस सढळ हाताने वगळा. आतलं प्लास्टर, वायरिंग मात्र पावसातही चालतं. त्या कामांना वेगळं कॅलेंडर लावा.

मग एवढंच:

- नवीन कामं ‘मॅन्युअली शेड्यूल्ड’ (तारखा आपण हाताने ठरवायच्या) अशी येतात. खालच्या पट्टीवरून ‘ऑटो शेड्यूल्ड’ (तारखा सॉफ्टवेअर काढतं) करा.
- कामं ‘प्रेडिसेसर’ (आधी संपायला हवं ते काम) रकान्यातून जोडा. हाताने तारीख टाकली की ‘त्याआधी नाही’ अशी अट बसते. मग आधीचं काम लवकर आटोपलं तरी पुढचं अलीकडे सरकत नाही.
- साधं पोर्टलँड सिमेंट असेल तर 4.5 मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू किमान 7 दिवस ठेवावे लागतात, त्याहून मोठ्याचे 14. यात रविवारही मोजायचे, म्हणून कालावधी ‘इलॅप्स्ड’ (सुट्ट्या न वगळता सलग मोजलेल्या) दिवसांत लिहा.

सगळं जुळलं की ‘सेट बेसलाइन’ करा, म्हणजे मूळ आराखड्याच्या तारखा जपून ठेवा, काम सुरू होण्याआधीच. हे राहिलं तर उशीर कुठे झाला ते कळायला मार्ग उरत नाही. दर शनिवारी प्रत्यक्ष तारखा भरा. पुढच्या घराचा अंदाज याच फरकावरून बांधता येईल.

खर्च आणि रिसोर्स लेव्हलिंग (माणसांवर एकाच वेळी जास्त कामं येऊ नयेत म्हणून तारखा हलवणं) सध्या बाजूला ठेवा. पहिल्या आराखड्यात तीसेक कामं पुरेत. जमेल तुम्हाला, अडलं तर नक्की विचारा.