बहीण लॉ कॉलेजात शिकवायचं म्हणते, घरचे नको म्हणतात

दादा, प्रश्न वाचला. निपाणीचं घर, आईनं विड्या वळून शिकवलं, बहीण दहावीपर्यंत मराठी शाळेत. एलएलबी होऊन वर्षभर कोर्टात जाते, आता शिकवायचं म्हणते आणि घरचे म्हणतात, "प्राध्यापकी आपल्यातली नव्हे की हो."

मी बेळगावात बावीस वर्षं कायदा शिकवतोय. घरच्यांवर रागावू नका, आपल्यातला लॉचा प्राध्यापक त्यांनी पाहिलेलाच नाही. मीही पाहिला नव्हता. तिसऱ्या वर्षी पेपर परत देताना सर "एलएलएम कर" म्हणाले (म्हणजे कायद्यातली पदव्युत्तर पदवी), तेव्हा पहिल्यांदा डोक्यात आलं.

आधी एक, तिला वकिली सोडायला लावू नका. सनद (वकिलीचा परवाना) असताना पूर्णवेळ पगारी नोकरी चालत नाही, पण वकिलाला दिवसाला तीन तासांपर्यंत कायदा शिकवता येतो, केंद्र सरकारचा १९७९ चा नियम आहे. बाबासाहेबसुद्धा १९२८ मध्ये मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजात अर्धवेळच शिकवत होते, प्राचार्य झाले १९३५ ला. घरी एवढं सांगा, निपाणीत जास्त समजवावं लागणार नाही.

कायमच्या जागेसाठी एलएलएमला ५५ टक्के (राखीव प्रवर्गाला ५०) आणि नेट (देशपातळीवरची प्राध्यापक पात्रता परीक्षा) किंवा सेट (तीच राज्यापुरती). एलएलएमच्या शेवटच्या वर्षाला असतानाच नेट देता येते. सहायक प्राध्यापकाच्या पात्रतेला वयाची अट नाही, नेटवरच्या संशोधन फेलोशिपला आहे.

आता सीमाभागातल्या पोरांची फसगत होते ती जागा. के-सेट कर्नाटकापुरती, महाराष्ट्राची सेट महाराष्ट्रापुरती. कर्नाटकातल्या निपाणीहून महाराष्ट्रातलं कागल हाकेच्या अंतरावर, पण के-सेट घेऊन कोल्हापूरच्या कॉलेजात अर्ज केलात तर उपयोग नाही. जातीच्या दाखल्याचंही तेच, इथला दाखला पलीकडच्या राखीव जागेला चालत नाही. म्हणून नेटच धरा, ती दोन्हीकडे चालते.

खरी अडचण भाषेची. आपल्या विद्यापीठाची परीक्षा इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये, नेटचा कायद्याचा पेपर इंग्रजी-हिंदीत. मराठी शाळेतली पोरं इथेच दबतात, वर्गात हात वर करत नाहीत. तिला रोज एक निकाल वाचू दे, घरात कुणालातरी मराठीत समजावू दे, मग दहा ओळी इंग्रजीत लिहू दे. मी वर्षभर हेच केलं, ऐकायला आई असायची. आणि कन्नड नीट शिकायला सांगा. आपल्यातल्या काहींना हे रुचणार नाही, पण सीमाप्रश्न त्याच्या जागी. समोर बसलेलं गोकाकचं पोरगं तिचंच विद्यार्थी असणार आहे.

एकदा १९६६ चा विडी कामगार कायदा शिकवत होतो. खराब म्हणून नाकारलेल्या विड्यांच्या वादाचं कलम वाचून पुढे जाणार, तेवढ्यात मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "सर, नाकारलेल्या विड्या ठेकेदार फेकत नाही, विकतो." पंधरा मिनिटं तीच बोलली, तास तिचाच झाला. त्या दिवशी मी तिला थांबवून "तू शिकवायला ये" म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. ती आता कुठल्याशा बँकेत आहे.

तुमच्या बहिणीला अर्ज भरताना काही अडलं तर इथेच लिहा. एलएलएमच्या दोन वर्षांच्या नोट्स माझ्याकडे पडून आहेत, बेळगावात आली तर घेऊन जाऊ दे.