कड्यांखाली उतरायचे कुठे?

प्रश्न : कयाकमधून एकट्याने ऑस्ट्रेलियाला प्रदक्षिणा घालणारे लोक उंच कड्यांच्या किनाऱ्यावर रात्री विसावतात तरी कुठे?

उत्तर : काही ठिकाणी कुठेच नाही. ही प्रदक्षिणा न्यूझीलंडच्या पॉल कॅफिन यांनी १९८२ मध्ये प्रथम पूर्ण केली. जर्मनीच्या फ्रेया हॉफमाइस्टर यांना २००९ मध्ये ३३२ दिवस लागले. पश्चिमेकडील झुइटडॉर्प कड्यांखाली सुमारे २०० किलोमीटरपर्यंत होडी ओढून ठेवण्याजोगी जागा जवळजवळ नाहीच, त्यामुळे अनुकूल हवामानाची वाट पाहून, रात्रभर वल्हवत तो टप्पा पार करावा लागतो. कड्यावर आपटून परतणाऱ्या लाटा येणाऱ्या लाटांशी भिडल्या की पाणी सरळ वर उसळते. म्हणूनच, किनारा जवळ असल्याचा धीर (तोही फसवाच) सोडून, कयाकपटू कड्यांपासून बरेच दूर राहतात.