रास्पबेरी पाय ३ चे वायफाय सारखे तुटते. कोणता यूएसबी अडॅप्टर घ्यावा?

आपण विचारले आहे की, शेतातील पंपाच्या खोलीत ठेवलेल्या रास्पबेरी पाय ३ चे (तळहाताएवढ्या, एका बोर्डाच्या संगणकाचे) वायफाय दिवसातून चार-पाच वेळा तुटते, बोर्ड रीबूट केला की पुन्हा जोडले जाते, तर मोठ्या अँटेनाचा कोणता यूएसबी अडॅप्टर घ्यावा. अडॅप्टरविषयी पुढे लिहिते. त्याआधी ‘रीबूट केला की जोडले जाते’ या आपल्या वाक्याविषयी लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण नेमक्या याच वाक्यावरून आमच्या घरात गुऱ्हाळाचा एक अख्खा हंगाम वाद चालला होता.

कोल्हापूरपासून १२ किलोमीटरवर, करवीर तालुक्यात, माझ्या मोठ्या भावाचे गुऱ्हाळ आहे आणि मी शहरात इन्स्ट्रुमेंटेशन शिकवते. काहिलीतील (रस उकळायच्या मोठ्या कढईतील) पाक सुमारे ११८ अंश सेल्सिअसला आला की तो वाफ्यात, म्हणजे थंड करायच्या उथळ हौद्यात, ओतण्याची वेळ होते. थोडे आधी ओतले तर गुळाचा रवा (ढेप) मऊ राहून पावसाळ्यात पाझरतो, उशीर झाला तर रंग काळवंडतो. आमचे गुळव्या मामा, म्हणजे गूळ शिजवणारे कारागीर, पाकाचा थेंब पाण्यात टाकून, त्याची गोळी बोटांत दाबून ही वेळ ठरवतात आणि त्यांचा अंदाज चुकलेला मी पाहिलेला नाही. तरीही प्रत्येक आदणाची, म्हणजे एका वेळी काहिलीत शिजणाऱ्या रसाची, नोंद राहावी, कोणत्या उसाचा रस किती वेळात कसा तापला हे पुढच्या वर्षी पाहता यावे, अशी दादाची इच्छा होती. म्हणून मी के प्रकारचा थर्मोकपल (तापमान मोजणारी तारांची जोडी), त्याचा संकेत वाचणारी मॅक्स ३१८५५ ही चिप आणि पाय ३ अशी जुळणी केली, आणि दर पाच सेकंदांनी तापमानाचा आकडा वायफायवरून ५० मीटरवरच्या घरातील संगणकाकडे जाऊ लागला.

पहिल्याच आठवड्यात नोंदींमध्ये खिंडारे दिसू लागली, आणि तीही बहुतेक वेळा आदणाच्या अखेरच्या टप्प्यात, म्हणजे ज्या दहा-पंधरा मिनिटांसाठी हा सगळा खटाटोप केला होता त्याच मिनिटांत. माझे दाजी पुण्यात सॉफ्टवेअर क्षेत्रात मोठ्या हुद्द्यावर आहेत. त्यांनी तिथूनच एक छोटी स्क्रिप्ट लिहून दिली: दर पाच मिनिटांनी राउटरला पिंग करायचे, म्हणजे जोडणी आहे का हे विचारणारा छोटा संदेश पाठवायचा, आणि उत्तर आले नाही तर पाय रीबूट करायचा. नेटवर्क खरोखरच आपोआप परत येऊ लागले आणि घरात सर्वांना प्रश्न मिटला असे वाटले. मी कारण शोधूया म्हणाले की दाजींचे एकच उत्तर असे, “चालतंय ना? मग कशाला उकरत बसायचं?” प्रत्यक्षात खिंडारे तशीच होती, उलट दर वेळी बोर्ड पुन्हा सुरू होईपर्यंतचे आकडेही आता जात होते.

कारण सापडले ते गुळव्या मामांमुळे. एके दिवशी चुलवाणात चिपाड सारणाऱ्या गड्याला सूचना देता देता ते मला म्हणाले, “ताई, चरकाची मोटार चालू झाली की तुमचा तो तांबडा दिवा डोळं मिटतोय बघा.” पाय ३ वरचा लाल दिवा नुसता वीज आहे की नाही एवढेच सांगत नाही, बोर्डाला मिळणारा विजेचा दाब (व्होल्टेज) सुमारे ४.६३ व्होल्टच्या खाली गेला की तो विझतो. हे मला पुस्तकातून ठाऊक होते, परंतु पेटीतल्या त्या दिव्याकडे दिवसभर पाहणारे माणूस मामाच होते. एक आदण पिकत आलेले असताना पुढच्या आदणासाठी ऊस गाळायला चरक सुरू होतो, मोटारीच्या ओढीने शेडमधील विजेचा दाब खाली येतो, आणि मी लावलेला मोबाइलचा साधा चार्जर तो झटका पेलू शकत नव्हता. खिंडारे अखेरच्या टप्प्यातच का पडत होती, याचा उलगडा तिथे झाला.

मी मल्टिमीटर घेऊन जीपीआयओच्या (बोर्डाच्या कडेच्या पिनांच्या ओळीतील) २ आणि ६ क्रमांकाच्या, म्हणजे ५ व्होल्ट आणि ग्राउंडच्या, पिनांमधील दाब मोजला. चरक बंद असताना ४.७२ व्होल्ट, चालू होताना ४.५५. चार्जरच्या तोंडाशी मात्र शांत वेळी व्यवस्थित ५ व्होल्ट होते, म्हणजे मधली वायरसुद्धा दोषी होती. जाता-येताचा मिळून ०.३ ओहम रोध असलेल्या बारीक वायरीतून १ अँपिअर प्रवाह गेला तरी ०.३ व्होल्ट वायरीतच संपतात. त्यावर चार्जर थोडा दबला की ४.६३ ची मर्यादा ओलांडली जाते. ५.१ व्होल्ट, २.५ अँपिअरचा आणि जाड आखूड वायरीचा पुरवठा आणून तो इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतला, त्या दिवसापासून अखेरच्या टप्प्यातील खिंडारे थांबली.

आता रीबूटविषयीचा माझा आक्षेप सांगते. ‘व्हीसीजेनसीएमडी गेट थ्रॉटल्ड’ (vcgencmd get_throttled) ही आज्ञा दिली की बोर्ड एक आकडा देतो. शून्य आले तर विजेची तक्रार नाही. ५०००५ आले तर या क्षणी दाब कमी आहे. ५०००० आले तर सुरू झाल्यापासून कधीतरी तो कमी झाला होता. हा ‘कधीतरी’चा पुरावा बोर्ड जपून ठेवतो, पण रीबूट केल्याबरोबर तो पुसला जातो. दाजींची स्क्रिप्ट दर वेळी नेमका हाच पुरावा नष्ट करत होती, त्यामुळे मी संध्याकाळी शेडवर जाऊन पाहिले की आकडा शून्य दिसे आणि वीज ठीक आहे असे मीही धरून चालत असे. आजार न तपासता ताप उतरवण्याची गोळी देत राहण्याचाच हा प्रकार होता, आणि सॉफ्टवेअरमधील अनुभव कितीही मोठा असला तरी मल्टिमीटर हाती न घेता हार्डवेअरचा निकाल देऊ नये, हे माझे मत मी त्यांच्यासमोरही मांडले आहे.

दुसरा दोष माझ्याकडून झाला होता. काजळी आणि मुंग्यांपासून जपण्यासाठी मी पाय पत्र्याच्या पेटीत ठेवला होता. पायचा अँटेना बोर्डावरच असतो, त्यामुळे धातूच्या पेटीत तो कोंडला जातो. त्यात आमच्या शेडचे छप्पर आणि दोन भिंतीही पत्र्याच्याच. सिग्नल उणे ८१ डीबीएम होता (डीबीएम हे सिग्नलच्या ताकदीचे माप, आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला). इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारा प्लॅस्टिकचा बंद बॉक्स आणून तो घराकडच्या उघड्या बाजूला खांबावर लावला, तेव्हा सिग्नल उणे ६६ झाला. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे १२.५ सेंटिमीटर असते, म्हणून पत्र्यावरून परतणाऱ्या लहरींच्या जागी बॉक्स चार बोटे सरकवल्यानेही सिग्नल बराच बदलतो. खिळे ठोकण्यापूर्वी बॉक्स हातात धरून दोन-चार जागी आकडा अवश्य पाहा.

सॉफ्टवेअरची पाळी यानंतर येते. वायफायची पॉवर सेव्ह, म्हणजे वीज वाचवण्यासाठी वायफाय मधूनमधून झोपवणारी सोय, बंद करा. ऑक्टोबर २०२३ च्या बुकवर्मपासून पायची प्रणाली जोडण्या सांभाळायला नेटवर्क मॅनेजर हा प्रोग्राम वापरते, त्याच्या मांडणीत पॉवरसेव्हची किंमत २ ठेवली की ती कायमची बंद राहते. वायफायच्या मांडणीत देश भारत निवडलेला असू द्या. पाय ३ बी फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतो, म्हणून राउटरवर त्या बँडला वेगळे नाव द्या, चॅनेल १, ६ किंवा ११ पैकी एक पक्का करा, रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा आणि सुरक्षा डब्ल्यूपीए २ ची ठेवा. आणखी एक गोष्ट गावाकडे फार महत्त्वाची आहे: वीज जाऊन आली की पाय राउटरच्या आधी जागा होतो, नेटवर्क मॅनेजर चार प्रयत्न करतो आणि मग काही काळ थांबतो. ऑटोकनेक्ट रिट्राइजची, म्हणजे पुन्हा जोडण्याच्या प्रयत्नांच्या मर्यादेची, किंमत ० केली की तो प्रयत्न सोडत नाही.

अडॅप्टरच घ्यायचा असेल, तर ज्याचा ड्रायव्हर (तो चालवणारा प्रोग्राम) लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे पायच्या प्रणालीच्या गाभ्यात, आधीपासून आहे असाच घ्या. मीडियाटेकच्या एमटी ७६१२यू चिपचे अडॅप्टर या कसोटीला उतरतात. ज्याचा ड्रायव्हर वेगळा उतरवून स्वतः कंपाइल करावा लागतो, तो कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये, कारण पुढच्या कर्नल अपडेटला तो बंद पडू शकतो. मात्र अडॅप्टरसुद्धा त्याच ५ व्होल्टांवर जगतो. आपल्या पंपाच्या खोलीतही मोटार आहे, म्हणून माझा दाट संशय आहे की मोठा अडॅप्टर लावल्यास आपला त्रास वाढेल. (पाय ४ असता तर मी तो यूएसबी ३ च्या पोर्टपासून दूर, एक्स्टेंशन वायरीवर लावायला सांगितले असते, यूएसबी ३ चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झमध्ये शिरतो.)

अंतर १०० मीटरच्या आत असेल तर इथरनेटची केबल हे वायफायपेक्षा केव्हाही भरवशाचे साधन आहे, हे मला आधीच सांगायला हवे होते. आम्ही ती ओढली नाही, कारण एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे विजांसह वळीव कोसळतो आणि उघड्यावरून गेलेल्या तांब्याच्या तारेतून झटका थेट घरातील राउटरपर्यंत पोहोचण्याची दादाला धास्ती होती. शिवाय नेटवर्क कितीही सुधारले तरी कधीतरी ते तुटणारच, म्हणून प्रत्येक आकडा आधी कार्डावरच्या फाइलमध्ये लिहावा आणि जोडणी आल्यावर साठलेले आकडे पाठवावेत. हे मी सुरुवातीलाच केले असते तर त्या हंगामातील एकही आदण नोंदीवाचून गेले नसते.

दाजींची स्क्रिप्ट आजही त्या बॉक्समध्ये आहे. पिंग चुकले की ती आता वेळ, सिग्नल आणि थ्रॉटल्डचा आकडा एका फाइलमध्ये लिहिते, त्यानंतर फक्त वायफायची जोडणी खाली-वर करते आणि बोर्डाला हात लावत नाही. हा बदल त्यांनी स्वतः करून दिला. आपणही तशी फाइल आठवडाभर ठेवा आणि मोटार सुरू होतानाचा २ व ६ या पिनांमधील दाब मोजून इथे लिहा; अडॅप्टरची गरज आहे की नाही, हे त्यावरून मी नक्की सांगेन.