रावेन्ना एका दिवसात कसे पाहावे?

इटलीतल्या बोलोन्यात मुक्काम असताना एक दिवस रावेन्नासाठी काढावा का, आणि ‘सगळी चर्चेच आहेत, तर दोन पाहून भागेल का’ असे आपण विचारले आहे. दिवस जरूर काढावा, रेल्वेने तास-सव्वा तासाचाच प्रवास आहे. दोन चर्चे पाहूनही भागेल, पण ती कोणती आणि कोणत्या क्रमाने पाहायची हे आधी ठरवून जावे, नाहीतर संध्याकाळपर्यंत मोझेकचे, म्हणजे काचेचे तुकडे जडवून केलेल्या भित्तिचित्रांचे, सगळे सोनेरी तुकडे डोळ्यांत एकमेकांत मिसळतात. माझे पहिल्या खेपेला तसेच झाले होते.

इतिहासाचा धागा थोडक्यात असा. इ. स. ४०२ मध्ये सम्राट होनोरियसने पश्चिम रोमन साम्राज्याची राजधानी मिलानहून इथे हलवली, कारण भोवती दलदल असल्याने शहरावर चालून येणे अवघड होते आणि जवळच क्लासेचे बंदर होते. पुढे ४९३ मध्ये ऑस्ट्रोगॉथ (गॉथ या जर्मानिक लोकांची एक शाखा) राजा थिओडोरिकने शहर घेतले आणि ५४० मध्ये ते बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन, सम्राट जस्टिनियनच्या सेनापतीच्या हाती गेले. ७५१ मध्ये लोंबार्ड ही दुसरी जर्मानिक टोळी आली आणि रावेन्नाचे राजकीय महत्त्व संपले, त्यामुळे पाहण्यासारखे बहुतेक सारे त्या आधीच्या साडेतीन शतकांतले आहे.

सुरुवात स्थानकाजवळच्या सांत’अपोलिनारे नुओवोपासून करावी. हे थिओडोरिकचे राजवाड्यालगतचे चर्च. तो एरियन पंथाचा होता, म्हणजे पुत्र (येशू) हा पित्याच्या (देवाच्या) बरोबरीचा व अनादी नाही असे मानणारा, तर जिंकणारे बायझंटाइन या मताला पाखंड समजत. आत शिरल्यावर उजव्या भिंतीवर दाराजवळच त्याच्या राजवाड्याचे मोझेक दिसेल. कमानींत पूर्वी माणसे होती. सत्तांतरानंतर ती काढून तिथे पांढरे पडदे बसवले गेले, पण खांबांवर आलेले हात मात्र तसेच राहिले. दुर्बीण असेल तर न्यावी: पडदा, खांब आणि खांबावर शरीराविना उरलेला एक पंजा. राजवट बदलली म्हणजे नेमके काय होते, हे इतक्या स्पष्टपणे मी दुसरीकडे कुठेच पाहिलेले नाही.

ते पाहून झाल्यावर सान व्हिताले पाहावे, म्हणजे पुसणाऱ्यांनी स्वतःची चित्रे कशी लावली ते कळते. अष्टकोनी आराखड्याच्या या चर्चची सुरुवात गॉथांच्या काळातच झाली होती, पण ते पूर्ण झाले बायझंटाइन अमलात. वेदीच्या दोन बाजूंना जस्टिनियन आणि सम्राज्ञी थिओडोरा आपापल्या लवाजम्यासह समोरासमोर उभे आहेत. प्रत्यक्षात दोघांपैकी कोणीही रावेन्नाला कधी आले नाही. सम्राटाशेजारच्या बिशपच्या डोक्यावर मात्र ‘माक्सिमियानुस’ हे नाव ठळक अक्षरांत आहे, आणि अख्ख्या चित्रात नाव फक्त त्याचेच! थिओडोराच्या झग्याच्या काठावर बाळ येशूसाठी भेटी घेऊन निघालेले तीन ज्ञानी पुरुष काढलेले आहेत, तेही चुकवू नयेत. आपल्याकडे मोझेक म्हटले की जुन्या घरातली गुळगुळीत लादी आठवते. इथले काचेचे तुकडे मुद्दाम एका पातळीत बसवलेले नाहीत, त्यामुळे आपण दोन पावले सरकलो की सोने एका जागी विझते आणि दुसरीकडे पेटते.

त्याच आवारात गाल्ला प्लाचिदियाची समाधी म्हणून ओळखली जाणारी छोटी इमारत आहे. होनोरियसची ही सावत्र बहीण ४५० मध्ये रोममध्ये वारली आणि बहुधा तिथेच पुरली गेली, तेव्हा नावावर विसंबू नये. अलाबास्टरच्या (अर्धपारदर्शक दगडाच्या) खिडक्यांतून येणाऱ्या मधाळ उजेडात गडद निळ्या छतावरचे तारे दिसायला डोळ्यांना मिनिटभर लागते. आत थोडाच वेळ थांबू देतात, म्हणून लगेच फोटो काढायला लागू नये. येथील वेळ आधी आरक्षित करावी.

दुपारी दान्तेची कबर पाहावी. फ्लॉरेन्सने हद्दपार केलेला हा कवी १३२१ मध्ये इथे वारला. पुढे फ्लॉरेन्सने अस्थी मागितल्या, तेव्हा इथल्या फ्रान्सिस्कन साधूंनी त्या लपवून ठेवल्या आणि त्या सापडल्या थेट १८६५ मध्ये. आज कबरीवरच्या दिव्यासाठी दरवर्षी तेल येते ते फ्लॉरेन्सहूनच. वेळ उरलाच तर एकाच अखंड दगडाचा घुमट असलेली थिओडोरिकची समाधी पाहावी. क्लासेची बॅसिलिका (मोठे चर्च) सुंदर असली तरी शहराबाहेर आहे, एका दिवसात ती कोंबू नये.

परतीची गाडी लूगोमार्गे असेल, तर बान्याकावाल्लो सोडल्यावर खिडकीपाशी बसावे. पुढे लागते ती उंच बांध घातलेली सेनिओ नदी. ९ एप्रिल १९४५ रोजी याच नदीच्या काठी पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीचे शिपाई नामदेव जाधव यांनी दोन जखमी साथीदारांना सुरक्षित जागी पोहोचवले, मशीनगनची ठाणी एकट्याने उद्ध्वस्त केली आणि बांधावर चढून मराठ्यांची युद्धघोषणा देत मागच्या तुकड्यांना पुढे बोलावले. त्यासाठी त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. नदी रुंदीने अगदीच लहान आहे, लक्ष नसेल तर ती कधी मागे पडली हे कळतही नाही.