ट्रेलरसाठी कर्ज काढू की पॉलिसी मोडू?

वाचकाचं पत्र थोडक्यात असं: "वय ४३, नोकरी. पत्नी घर सांभाळते, मुलगी १४ वर्षांची. मोडीत निघालेल्या एका पिकअप ट्रकचा मागचा ॲक्सल, पाटे (कमानीच्या स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या) आणि हौदा मला जवळपास फुकट मिळतोय. त्यातून कच्च्या रस्त्यावर, डोंगरात नेता येईल असा कॅम्पिंग ट्रेलर मी स्वतः बांधणार आहे. मुलीची शाळा संपायच्या आत तो तयार हवा. खर्च चार पगारांएवढा. त्यासाठी १४ टक्क्यांनी वैयक्तिक कर्ज घेऊ, की मुलीच्या शिक्षणासाठी घेतलेली पॉलिसी मोडू? ट्रेलर मला लागणार नाही तेव्हा भाड्याने देऊन पैसे वसूल करता येतील."

तुमची ओळख उघड होऊ नये म्हणून पत्रातले सगळे आकडे मी तुमच्या महिन्याच्या पगाराच्या पटीत मांडतोय.

कर्ज घेऊ नका. पगार १०० धरला तर गृहकर्जाचा हप्ता ४२, घरखर्च ४० आणि पॉलिसीचा हप्ता १७ जातो. झाले ९९. पाच वर्षांच्या कर्जाचा हप्ता ९ च्या पुढे जाईल. तो तुम्ही भाड्यातून भरणार म्हणता, पण घरी बांधलेला ट्रेलर खासगी वापरासाठी नोंदवून भाड्याने दिला आणि अपघात झाला, तर विमा कंपनी हात वर करण्याचीच शक्यता जास्त. भाड्याचा एक पैसाही हिशेबात धरू नका.

आता त्या पॉलिसीबद्दल. ट्रेलरसाठी ती मोडू का एवढंच तुम्ही विचारलंत. ती मुळात ठेवण्यासारखी आहे का हे विचारलं नाहीत, पण तुमच्या पत्रातला खरा प्रश्न तोच आहे.

वर्षाला २ पगार, २० वर्षं, म्हणजे एकूण भरणा ४० पगार. शेवटी हातात ७२ पगार. विकणाऱ्याने तुम्हाला कागदावर गणित करून दाखवलं: ७२ म्हणजे ४० च्या १८० टक्के, भागिले २० वर्षं, म्हणजे वर्षाला ९ टक्के. या भागाकारात तुमचं स्वतःचं मुद्दलच परतावा म्हणून मोजलंय. खरा दर सव्वापाच टक्क्यांच्या आसपास येतो. तुमचं गृहकर्ज ९ टक्क्यांचं आहे. म्हणजे ९ ने पैसे उसने घेऊन तुम्ही ते सव्वापाचने गुंतवताय, आणि तेही वीस वर्षांसाठी. असली गणितं कागदावर लिहून देणाऱ्यांचा मला मनापासून संताप येतो, कारण समोरच्याला चक्रवाढ पडताळता येणार नाही या भरवशावरच ती लिहिलेली असतात.

आणि तारीख पाहिलीत का? पॉलिसी घेतली तेव्हा मुलगी १० वर्षांची होती. पैसे मिळतील तेव्हा ती ३० ची असेल. तोवर कुठल्या शिक्षणाची फी राहिली असणार? नावात 'शिक्षण' आहे म्हणून ती शिक्षणाची सोय होत नाही.

याहून मोठी गोष्ट पुढेच आहे. या पॉलिसीत तुमच्या जिवाचा विमा २० पगारांचा. दुसरा विमा नाही, गृहकर्जालाही वेगळा विमा नाही, हे तुम्हीच लिहिलंय. गृहकर्ज बाकी ४० पगार. उद्या तुम्ही नसलात तर विम्याचे २० कर्जात जातील आणि आणखी २० देणं उरेल. घर चालवायला पत्नीच्या हातात काहीच नाही. तुम्ही सोबत जोडलेल्या यादीत प्रत्येक सुट्या भागाचं वजन आहे, कमानीतले किती पाटे काढायचे तेही ठरलंय. एका ॲक्सलवर किती भार पडणार याचा इतका बारकाईने विचार करणाऱ्या माणसाने एका पगारावर किती जणांचा भार आहे हे मात्र मोजलेलं नाही.

ते मोजू. कर्ज ४०, घरखर्च १५ वर्षांचा साधारण ७२, मुलीचं शिक्षण २०. बेरीज १३० च्या वर जाते. १४० पगारांचा निव्वळ टर्म विमा घ्या, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा, निवृत्तीच्या वयापर्यंतचा. शेवटी काहीही परत न मिळणारा, साधा. 'हप्ते परत' वाला प्रकार कोणी गळ्यात मारू लागला तर उठून या. तुमच्या वयाला वर्षाचा हप्ता अर्ध्या पगाराच्या आसपास असावा. रक्तदाबाची गोळी चालू आहे म्हणून थोडा वाढेल. अर्जात ती गोळी, तिचं नाव, कधीपासून घेताय, सगळं लिहा. एजंट म्हणेल "एवढं कशाला लिहिता". लिहाच. लपवलेल्या आजारावरून दावा नाकारला जातो तेव्हा भांडायला तुम्ही नसता, पत्नी असते.

टर्म पॉलिसी मंजूर होऊन हातात येईपर्यंत जुनीचा हप्ता चुकवू नका. ती आल्यावर जुनी बंद करा. भरलेल्या ८ पैकी ४ परत मिळतील असं कंपनीने कळवलंय. अर्धे पैसे गेले हे झोंबणारच. पण ते गेलेत, पुढे हप्ते भरून परत येत नाहीत. आजचे ४ आणि पुढचे हप्ते एवढंच धरलं तर पॉलिसी इथून पुढे ७ टक्क्यांच्या जवळपास देते. कर्ज ९ चं असताना तेही कमीच.

मात्र ते ४ ट्रेलरला नाहीत. तुमच्याकडे अडीअडचणीसाठी फक्त १ पगार आहे. पगार १०० धरला तर गृहकर्जाचा हप्ता आणि घरखर्च मिळून महिन्याला ८२ लागतात, सहा महिन्यांचे झाले ५ पगार. १ अधिक ४, तिथेच भरले. ते बँकेत मुदत ठेवीत, मोडता येतील असे ठेवा.

आता ट्रेलर. पुन्हा महिन्याचा पगार १०० धरू. जुन्या हप्त्याचे १७ सुटले, टर्म विम्याला ५ गेले, महिन्याला १२ मोकळे. पहिलं दीड वर्ष हे सगळे १२ ट्रेलरला द्यायला माझी हरकत नाही. मुलगी घरात आहे तोवरच तिच्यासोबत डोंगरात जाता येणार, याची किंमत मलाही कळते. त्यानंतर ते १२ मुलीच्या शिक्षणाला. दीड वर्षात २ पगार जमतील. तेवढ्यात चासी, ॲक्सल, कपलिंग, दिवे आणि नोंदणी बसवा. छतावरचा तंबू, स्वयंपाकाची पेटी नंतर. तोवर जमिनीवरचा तंबू चालेल.

फुकटच्या ॲक्सलबद्दल मात्र सावध करतो. डिफरन्शियलसकट (इंजिनाची ताकद दोन्ही चाकांना वाटणाऱ्या गिअरसकट) तो जड असतो, आणि ट्रेलरला डिफरन्शियलचा उपयोग शून्य. आतले दांडे काढून टाकू म्हणाल, तर पिकअपच्या बऱ्याच ॲक्सलमध्ये चाक त्या हाफ शाफ्टवरच बसलेलं असतं. शाफ्ट काढला की चाक निघालं. पाटे भरलेल्या हौद्यासाठी बनवलेले असतात. हलक्या ट्रेलरखाली ते दबत नाहीत, ट्रेलर उड्या मारतो आणि तडा वेल्डिंगला जातो. तुम्ही पाटे काढणार आहात ते बरोबरच, पण नवे यू-बोल्ट आणि बुश धरा. तुमच्या यादीत वजन ५५० किलो आहे, त्यात पाण्याची टाकी रिकामी धरलीय आणि स्टेपनी नाही. ८० लिटर पाणी म्हणजे ८० किलो. स्टेपनी, बॅटरी, तंबू, सामान घालून मी ७५० च्या पुढे गेलो. युरोपात आणि ऑस्ट्रेलियात ७५० किलोच्या वर ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतात. तुमच्याकडचा नियम वाहन नोंदणी कार्यालयात लेखी विचारा, वेल्डिंग सुरू करायच्या आधी. ब्रेक, टायर, बेअरिंग, तपासणी धरून तुमचे चार पगार सहाच्या घरात जातात. हलका, साधा ट्रेलर ॲक्सल विकत घेतलात तर एकूण खर्च कदाचित कमीच होईल. त्याचं चाक गाडीच्याच नटबोल्टच्या मापाचं निवडा, म्हणजे दोन्हींना एकच स्टेपनी पुरेल. जुने टायर फुकट मिळाले तरी बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचा: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. दहा वर्षांच्या पुढचा टायर नक्षी कितीही चांगली दिसली तरी नको.

एक शक्यता उरते. रक्तदाबामुळे पहिल्या कंपनीने टर्म विमा नाकारला तर दुसऱ्या दोन ठिकाणी अर्ज करा, आणि आधीचा नकार तिथे कळवा. सगळीकडे नाहीच मिळाला, तर जुनी पॉलिसी मोडू नका. ते २० पगार मग तुमच्या घराला असलेला एकमेव आधार ठरतात. अशा वेळी ट्रेलर थांबेल आणि नोकरीतला बोनस आला की तो थेट गृहकर्जात जाईल. टर्म विम्याचा अर्ज या आठवड्यात भरा.