जळगावातल्या करसल्लागाराने क्लायंटचे पासवर्ड कुठे ठेवावेत?

तुमचा प्रश्न असा: जळगावात ऑफिस, हाताखाली तीन मुलं, रावेरच्या केळी व्यापाऱ्यांपासून सराफ बाजारापर्यंत सगळ्यांचे जीएसटी आणि इन्कम टॅक्सचे पासवर्ड एकाच एक्सेलमध्ये. आता कुठला पासवर्ड मॅनेजर, म्हणजे सगळे पासवर्ड कुलपात ठेवणारं अ‍ॅप, घ्यावा?

बिटवॉर्डन घ्या. ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याचा कोड कुणालाही तपासता येतो, आणि त्यात पासवर्डचे वेगवेगळे गट, म्हणजे कलेक्शन, करता येतात. जीएसटी बघणाऱ्या मुलाला तेवढंच दिसतं. फुकट प्लॅनमध्ये दोनच माणसं बसतात, म्हणजे तुम्हाला पैसे भरावे लागतील. तिथे काटकसर नको. शिवाय साइटचा पत्ता जुळला तरच ब्राउझरमधलं त्याचं एक्स्टेंशन पासवर्ड सुचवतं. हुबेहूब दिसणाऱ्या बनावट पोर्टलवर ते गप्प बसतं, आणि २० तारखेच्या जीएसटीआर-३बी रिटर्नच्या घाईत हे फार कामाला येतं.

एकटेच असता तर कीपासएक्ससी सुचवलं असतं. फाइल आपल्याच मशीनवर, नेट गेलं तरी उघडते. पण दोघांनी एकदम बदल केले की गोंधळ होतो.

मास्टर पासवर्ड, म्हणजे मॅनेजर उघडणारा मुख्य पासवर्ड, मात्र पक्का हवा. २०२२ मध्ये लास्टपास या दुसऱ्या पासवर्ड मॅनेजरच्या ग्राहकांच्या व्हॉल्टच्या, म्हणजे पासवर्डच्या तिजोऱ्यांच्या, प्रती चोरीला गेल्या. अशा वेळी ज्याचा मास्टर पासवर्ड कच्चा, त्याला खरा धोका. एकमेकांशी संबंध नसलेले पाच शब्द घ्या, टू-फॅक्टर (पासवर्डनंतर दुसरा कोड मागणारी सोय) चालू करा, तो कोड मिळेनासा झाला तर लागणारा रिकव्हरी कोड कागदावर लिहून तिजोरीत ठेवा.

मुलगा नोकरी सोडून गेला की नुसता अ‍ॅक्सेस काढून भागत नाही, त्याने पाहिलेले पासवर्ड पोर्टलवर जाऊन बदला. आणि ती जुनी एक्सेल व्हॉट्सअ‍ॅपवर कुणाकुणाकडे गेली आहे, ते आजच शोधा.